जागा वाचते, थर जातो : वाळूउपसा आणि नदीकाठचा पुरातत्त्वीय वारसा



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन-तीन जणांनी आम्हाला विचारलं, वाळूउपसा हा महसूल खात्याचा विषय, फार तर पर्यावरणाचा. त्यात पुरातत्त्व कुठून आलं? प्रश्न रास्त आहे. वर्तमानपत्रात वाळूची बातमी येते ती दंडाची, जप्त केलेल्या डंपरची, नाहीतर तलाठ्याच्या अंगावर ट्रॅक्टर घातल्याची. पुरातत्त्वाची बातमी येते ती मूर्ती सापडली, नाणी सापडली म्हणून, आतल्या पानावर. या दोन्ही बातम्या बरेचदा एकाच नदीकाठच्या असतात, हे आपल्या लक्षात येत नाही. आज आपण त्या दोन्ही एकत्र वाचणार आहोत.

सुरुवात एका खड्ड्यापासून करू. ३० मे १८६३ रोजी रॉबर्ट ब्रूस फूट हा भूवैज्ञानिक मद्रासजवळच्या पल्लावरमला होता. तिथं खडी काढण्यासाठी खणलेला एक लहानसा खड्डा होता. त्यातल्या खडीत त्याला माणसानं घडवलेलं दगडी हत्यार मिळालं. भारतातल्या पुराश्मयुगाच्या अभ्यासाची सुरुवात आपण त्या दिवसापासून मोजतो. त्याच्या चारच वर्षं आधी फ्रान्समध्ये असंच घडलं होतं. सोम नदीच्या खोऱ्यात अबेव्हिल आणि आमियाँ इथल्या खडीच्या खाणींत दगडी हत्यारं निघत होती. बूशे द पेर्थ नावाचे गृहस्थ वर्षानुवर्षं ती गोळा करत होते आणि विद्वान त्यांना हसत होते. १८५९ मध्ये इंग्लंडहून प्रेस्टविच आणि एव्हान्स आले, खाणीच्या भिंतीत रुतलेली हातकुऱ्हाड त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, आणि मग जगानं मान्य केलं की माणूस आपण समजतो त्यापेक्षा फार जुना आहे.

म्हणजे काय, तर ज्या शास्त्राच्या वतीनं आज आम्ही खाणींबद्दल तक्रार करायला उभे आहोत, ते शास्त्रच खडीच्या खड्ड्यात जन्मलं. तेव्हा वाळू-खडी काढणारा तो गुन्हेगार आणि पुरातत्त्ववाला तो साव, अशी मांडणी आम्ही करणार नाही. घर आपल्या सगळ्यांना हवं आहे आणि घराला वाळू लागते. प्रश्न वेगळाच आहे. १८५९ च्या खाणीत आणि आजच्या खाणीत फरक काय पडला?

फरक हाताचा आणि नजरेचा. तेव्हा माणूस फावड्यानं खणत होता. प्रत्येक फावडं त्याच्या डोळ्यांसमोरून जात होतं. वेगळा दगड दिसला की तो बाजूला काढायचा, कारण तो विकत घेणारं कुणीतरी होतं. आपल्याकडेही बैलगाडी आणि पाटी होती तोवर असंच होतं. आज पोकलेनचा बकेट एका घासात जे उचलतो ते ऑपरेटरला दिसत नाही, आणि सक्शन पंपानं पाण्याखालून जे येतं ते तर कुणालाच दिसत नाही. खाण पूर्वी नष्टही करत होती आणि दाखवतही होती. आज तिनं नष्ट करणं कितीतरी पटींनी वाढवलं आणि दाखवणं बंद केलं. मुद्दा एवढाच आहे. पुढचं सगळं या एका वाक्याचा विस्तार आहे.

आता आपल्या नद्यांकडे येऊ. गोदावरी, प्रवरा, भीमा, घोड, कुकडी, कऱ्हा या नद्यांच्या काठानं तुम्ही चालला असाल तर उंच दरडी पाहिल्या असतील. वर पिवळसर गाळमाती, मध्ये बारीक वाळू, तळाशी गोट्यांचा थर, तोही चुन्यानं असा चिकटलेला की कुदळ मारली तर ठिणगी उडावी. या तळच्या थरात हातकुऱ्हाडी आणि फरश्या मिळतात, जनावरांची अश्मीभूत हाडं मिळतात. त्यावरच्या थरांत चर्ट, जॅस्पर अशा दगडांची लहान हत्यारं मिळतात. आणि सगळ्यांत वर, दरडीच्या माथ्यावर, गावकरी ज्याला पांढरी म्हणतात ती जुन्या वस्तीची माती.

हसमुख सांकलिया आणि डेक्कन कॉलेजातले त्यांचे सहकारी विद्यार्थी या दरडी वाचत हिंडले. नाशिकजवळच्या गंगापूरला गोदावरीच्या थरांत पुराश्मयुगीन हत्यारं मिळाली. प्रवरेकाठी नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन झालं. तिथल्या दरडीतल्या वरच्या गोट्यांच्या थरात जी लहान हत्यारं निघाली, त्यांच्यावरून त्या परंपरेला ‘नेवासियन’ असं नावच पडलं. संगमनेरजवळचं जोर्वे तर साऱ्या एका ताम्रपाषाण संस्कृतीचं नाव झालं. दायमाबादला १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाची मुळं खणताना ब्राँझचे रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा मिळाले. घोड नदीच्या काठी इनामगावला १९६८ पासून पंधरा वर्षं उत्खनन झालं. घरं मिळाली, धान्याचं कोठार मिळालं, पाण्याचा पाट मिळाला, घराच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुलं मिळाली. महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांच्या मागे किती जातो असं कुणी विचारलं, तर त्याचं उत्तर आपल्याकडे आहे, आणि ते बहुतांशी या नदीकाठांनी दिलेलं आहे.

इथं एक शंका येईल. पात्रात आज दिसणारी सुटी वाळू ही काही लाखो वर्षांची नाही, ती गेल्या काही पावसाळ्यांची. ती उचलली तर पुरातत्त्वाचं काय बिघडलं? शंका बरोबर आहे. सुट्या वाळूतलं हत्यार वाहून आलेलं असतं, त्याचा मूळ पत्ता आधीच गेलेला असतो. नुकसान होतं ते तीन वाटांनी.

पहिली वाट खालची. नदीवर वर धरणं आहेत. प्रवरेवर भंडारदरा १९२६ पासून आहे. वाळू धरणात अडते, खाली पुरेशी येत नाही. उपसा मात्र थांबत नाही. मग सुटी वाळू संपते आणि यंत्राचे दात खालच्या घट्ट थराला लागतात. तो थर काही पुढच्या पावसाळ्यात भरून येणारा नाही. दुसरी वाट बाजूची. पात्र खोल गेलं की दरडीचा पाया उघडा पडतो. पहिल्या मोठ्या पुरात दरड कोसळते, आणि तिच्या माथ्यावरची पांढरी तिच्यासोबत खाली येते. ज्यानं वाळू नेली त्यानं वस्तीच्या टेकाडाला हातही लावलेला नसतो, पण टेकाड जातं. तिसरी वाट खरोखरच वाट असते. डंपर पात्रात उतरवायला दरड कापून उतार करतात. सगळ्यांत सोपा उतार तिथं पडतो जिथं माती मऊ असते, आणि मऊ माती बरेचदा पांढरीचीच असते.

आता कायदा याकडे कसं बघतो ते पाहू. आमच्या टीकेचा गाभा इथं आहे.

१९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा फक्त इमारतींपुरता नाही. ज्या भूमीत शंभर वर्षांहून जुने अवशेष आहेत, किंवा असतील असं मानायला वाजवी कारण आहे, ती भूमीही त्याच्या व्याख्येत बसते. व्याख्या उदार आहे. पण संरक्षण सुरू होतं ते जागा ‘संरक्षित’ म्हणून जाहीर झाल्यावर. २०१० च्या दुरुस्तीनं संरक्षित जागेपासून १०० मीटर निषिद्ध क्षेत्र आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आखलं. किल्ल्याला, लेण्याला, मंदिराला ही आखणी लागू पडते, कारण त्यांना हद्द असते. थराला हद्द नसते. नेवाशाचा गोट्यांचा थर काही हाती विहिरीपाशी सुरू होऊन शंभर मीटरवर संपत नाही. तो नदीबरोबर जातो, कुठं वर दिसतो, कुठं शेताखाली दडतो. आपला कायदा बिंदू राखतो आणि आपला वारसा इथं रेघेसारखा आहे.

वाळूच्या बाजूचे नियम पाहा. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली दीपक कुमार प्रकरणात सांगितलं की पाच हेक्टरांहून लहान गौण खनिजाच्या पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी हवी. चांगला निकाल. २०१६ मध्ये केंद्रानं मार्गदर्शक तत्त्वं आणली, प्रत्येक जिल्ह्याचा सर्वेक्षण अहवाल आला. त्या अहवालात नदी आहे, पाऊस आहे, भूशास्त्र आहे, जमिनीचा वापर आहे, किती वाळू साठते याचा हिशेब आहे. किती खोल खणायचं, काठापासून किती अंतर सोडायचं, पुलापासून किती लांब राहायचं, हे सगळं आहे. पूल मोजला, पाणी मोजलं, मासा मोजला. ज्या दरडींवरून आपण आपला प्राचीन इतिहास लिहिला, त्या दरडी मात्र कुठल्याच रकान्यात नाहीत.

नाही म्हणायला २००६ च्या पर्यावरण मंजुरीच्या अधिसूचनेतल्या अर्जात एक ओळ आहे. पंधरा किलोमीटरच्या आत सांस्कृतिक मूल्यासाठी कायद्यानं संरक्षित असं क्षेत्र आहे का, असं तो अर्ज विचारतो. शब्द नीट ऐका : कायद्यानं संरक्षित. जे अजून कुणी पाहिलंच नाही ते संरक्षित कसं असेल? जे कुणी १९५५ साली पाहून छापलं, पण राजपत्रात आलं नाही, तेही त्या रकान्यात बसत नाही. रकाना भरणारा ‘नाही’ लिहितो, आणि खोटं काही लिहीत नाही.

हा अनुभव आम्ही घेतला आहे. एका तालुक्याच्या कचेरीत आम्ही लिलावाच्या गटांचा नकाशा बघायला गेलो होतो. तिथल्या भाऊसाहेबांनी चहा पाजला, नकाशाही दाखवला. आम्ही बोट ठेवून म्हटलं, “या वळणावरच्या दरडीत जुनी हत्यारं मिळालेली आहेत, छापूनही आलं आहे.”

ते म्हणाले, “संरक्षित आहे का?”

“नाही.”

“मग आम्ही कशाच्या आधारावर लिहायचं, तुम्हीच सांगा.”

आम्हाला उत्तर देता आलं नाही. तो माणूस अडवणूक करत नव्हता. त्याच्या हातात कागदच नव्हता. आणि तो कागद त्याच्या हातात द्यायचं काम कुणाचं होतं, हा प्रश्न बाहेर पडताना आम्हालाच बोचला.

पण एवढी हत्यारं संग्रहालयांत आहेतच, आता दरड गेली तर काय बिघडलं, असंही कुणी म्हणेल. याचं उत्तर कुकडीकाठच्या बोरी गावात आहे. जुन्नर तालुक्यातल्या या गावी नदीच्या थरांत ज्वालामुखीची राख आहे, आणि तिच्याशी निगडित थरांत पुराश्मयुगीन हत्यारं आहेत. राखेचं वय काढता येतं. म्हणून बोरी जगभर गाजलं. १९८९ साली वय जाहीर झालं ते सुमारे १४ लाख वर्षं. १९९५ मध्ये दुसऱ्या पद्धतीनं आलं ते सुमारे ६ लाख ७० हजार. आणि तिसऱ्या मताप्रमाणे ही राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या शेवटच्या महास्फोटाची, म्हणजे सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची. कुठं १४ लाख आणि कुठं ७५ हजार! महाराष्ट्रात माणूस कधीपासून आहे या प्रश्नाचं उत्तर या फरकावर हलतं. हा वाद पेटीत ठेवलेल्या हत्यारांवरून मिटणारा नाही. दगडाला स्वतःचं वय सांगता येत नाही, वय सांगतो थर. पुन्हा जाऊन, पुन्हा नमुना घेऊन, राख जागची आहे की वाहून आली हे तपासूनच पुढे जाता येतं. दरड गेली तर वाद मिटत नाही, कायमचा लोंबकळतो.

आणि गंमत बघा. सांकलियांच्या पिढीनं या नद्या पालथ्या घातल्या तेव्हा थरांचं वय मोजायची आजची साधनं नव्हती. वाळूच्या कणावर शेवटचं ऊन कधी पडलं ते मोजण्याची पद्धत १९८० च्या दशकात आली. दरडीत अंधार राखून नळी ठोकायची, आतले कण प्रयोगशाळेत न्यायचे. म्हणजे ज्या वाळूला आपण ब्रासच्या भावानं तोलतो, तिच्यातला कण हेच घड्याळ आहे. शास्त्राला घड्याळ वाचता येऊ लागलं नेमकं तेव्हाच आपण ती घड्याळं डंपरमध्ये भरायला लागलो.

आता, बाहेर कुठं यावर काही तोडगा निघाला का? इंग्लंडचं उदाहरण नेहमी दिलं जातं, आणि ते दोन्ही बाजूंनी पाहायला हवं.

तिथं १९९० पासून नियोजनाचं धोरण असं, की शक्य तर अवशेष जागच्या जागी राखा. ते शक्य नसेल तर खणण्याआधी उत्खनन आणि नोंद करा, खर्च खाणवाल्याचा. २००२ पासून वाळू-खडीवर टनाला १ पौंड ६० पेन्स असा कर बसला आणि त्यातला काही भाग खाणींनी केलेल्या नुकसानीवर उतारा म्हणून एका निधीत गेला. त्या निधीतून नद्यांच्या खोऱ्यांचे नकाशे झाले, कुठल्या थरात काय मिळू शकतं याचे अंदाज बांधले गेले. ऐकायला झकास आहे. पण २०११ साली तो निधी बंद झाला. कर मात्र चालूच राहिला. हे आपण ध्यानात ठेवावं, कारण आपल्याकडेही कुठलाही अधिभार असाच सुरू होतो आणि असाच विसरला जातो.

दुसरी गोष्ट. यॉर्कशरमध्ये थॉर्नबरो इथं सुमारे साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीची मातीच्या बांधांची तीन प्रचंड वर्तुळं आहेत, प्रत्येक सुमारे २४० मीटर व्यासाचं, जवळजवळ एका ओळीत. भोवतालची जमीन खडीची. वर्षानुवर्षं तिथं खाणी चालल्या. २००६ साली शेजारच्या शेतावरच्या खाणीचा अर्ज नाकारला गेला. पुढे क्षेत्र कमी करून आलेला अर्ज मंजूर झाला. २०२३ मध्ये दोन वर्तुळं सार्वजनिक मालकीत आली, नंतर तिसरंही आलं. लोकांनी आनंद केला, तो योग्यच. पण ज्या मैदानासाठी ती वर्तुळं बांधली गेली, त्या मैदानाचा मोठा भाग आज खाणीच्या तळ्यांचा आहे. स्मारक वाचलं, परिसर गेला. इतक्या शिस्तीच्या देशातही शेवटी बिंदूच वाचला. ‘नोंद करून जतन’ या शब्दांनी फसू नये. नोंद हे जतन नाही. जे गेलं त्याचा तो पंचनामा आहे. पंचनामा हवाच, पण त्याला जतन म्हणायचं नाही.

मात्र एक इंग्रजी उदाहरण आम्हाला मनापासून पटतं, आणि ते समुद्रातलं आहे. नॉर्थ सीच्या तळाची खडी जहाजांनी उपसतात. ती नेदरलंड्समधल्या एका धक्क्यावर उतरवून चाळली जात होती. २००७-०८ च्या हिवाळ्यात तिथल्या चाळलेल्या मोठ्या गोट्यांच्या ढिगात एका हौशी संशोधकाला हातकुऱ्हाडी मिळाल्या, एक नाही, दोन नाही, अठ्ठावीस. सोबत मॅमथची हाडं. आता या हातकुऱ्हाडी समुद्राच्या कुठल्या कोपऱ्यातल्या, हे कसं कळणार? कळलं, कारण जहाजानं कुठल्या पट्ट्यातून माल उपसला याची नोंद होती. पट्टा सापडला : क्षेत्र २४०, इंग्लंडच्या किनाऱ्यापासून काही मैलांवर. तिथला उपसा थांबवला, तळाची पाहणी केली, आणि दोन लाख वर्षांहून जुन्या थरांचा भूभाग पाण्याखाली उघडा झाला. त्याआधीच, २००५ पासून, समुद्रातली खडी काढणाऱ्या कंपन्यांनी कामगारांना काय ओळखायचं आणि कुणाला कळवायचं हे शिकवणारी पद्धत घालून घेतली होती. म्हणजे यंत्रानं जी नजर काढून घेतली, ती चाळणीपाशी परत बसवता येते.

हे वाचलं आणि आम्हाला आपल्याकडची चाळणी आठवली. एका वाळूच्या साठ्यावर आम्ही थांबलो होतो. एका बाजूला वाळू, दुसऱ्या बाजूला चाळणीवर राहिलेल्या गोट्यांचा ढीग. ट्रॅक्टरवाल्या भाऊंना विचारलं, हे गोटे कुठं जातात? ते म्हणाले, “हे कामाचे न्हाईत सर. कुणाला भरावाला लागले तर फुकट नेत्यात.” आम्ही अर्धा तास तो ढीग चाळला. चर्टचे तीन घडीव छिलके मिळाले. भाऊ शेजारी येऊन बसले, एक छिलका हातात फिरवून बघितला आणि म्हणाले, “धार हाय की याला.” दुसऱ्याच मिनिटाला त्यांनी चौथा शोधून दिला. नजर बसायला एवढाच वेळ लागतो, मंडळी.

आता आपल्या व्यवस्थेतली एक गोष्ट पाहा. कायदेशीर वाळूच्या प्रत्येक गाडीला वाहतूक पास असतो. माल कुठल्या गटातून निघाला, कधी निघाला, कुठं चालला, हे त्यावर असतं. तो पास महसूल बुडू नये म्हणून आहे. पण क्षेत्र २४० चा शोध ज्या नोंदीमुळे लागला, तशीच नोंद आपण रोज हजारो गाड्यांची करतो आहोत. तिचा दुसरा उपयोग आपल्याला सुचलेला नाही, इतकंच. साठ्यावर गटवार गोट्यांचा ढीग वेगळा ठेवला, आठ-पंधरा दिवसांनी जवळच्या महाविद्यालयातल्या मुलांनी तो पाहिला, हत्यार मिळालं तर गट नंबर कळेल, आणि त्या गटाच्या दरडीकडे जाता येईल. हे काही संरक्षण नाही, धोक्याची घंटा आहे. पण आज घंटाही नाही.

यावर आक्षेप येईल : अर्धा उपसा रात्री होतो, त्याला पास कुठला? मान्य. रात्रीच्या उपशापुढे जिथं तहसीलदार हतबल होतो, तिथं पुरातत्त्ववाला जाऊन उभा राहील अशी बढाई आम्ही मारणार नाही. पण जे दिवसा, सरकारी शिक्क्यानं होतं, त्याबद्दल तरी बोलू. आणि कृत्रिम वाळू आली म्हणून प्रश्न सुटला असंही समजू नका. नदीवरचा भार हलका होईल, त्याचं स्वागतच. पण ती वाळू डोंगर फोडून होते, आणि आपल्या डोंगरांतही लेणी आहेत, गुहा आहेत, किल्ल्यांच्या वाटा आहेत. तिथंही हाच प्रश्न, फक्त पाणी नसलेला.

मग मागणी काय? आम्हाला नवा भलामोठा कायदा नको. तीन गोष्टी हव्यात. एक, जिल्हा सर्वेक्षण अहवालात पुरातत्त्वीय थरांचा एक नकाशा जोडा. नवा शोध नंतर लावू, गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत छापून आलेलं आधी गट नंबरासह त्यात चढवा. दोन, लिलावाआधी त्या गटाच्या काठानं एक दिवस जाणकार माणूस चालवा, आणि डंपरचा उतार कुठून काढायचा हे त्या पाहणीनंतर ठरवा. उताराची जागा पन्नास मीटर सरकवायला सरकारला खर्च येत नाही. तीन, ज्या दरडींवर आपला कालक्रम उभा आहे, नेवासा, बोरी, गंगापूर यांसारख्या, त्यांचे लहान लहान तुकडे ‘दरड’ म्हणूनच राखा. लोणारच्या विवराला भूवैज्ञानिक स्मारक म्हणून मान मिळतो, मग वीस मीटर दरडीला का नाही?

शेवटची टीका आमच्यावरच. त्या भाऊसाहेबांच्या हातात कागद नव्हता, कारण तो आम्ही दिला नाही. आमच्या लोकांनी हत्यारं आणली, पेट्या भरल्या, लेख इंग्रजीत लिहिले. जागेचं वर्णन ‘गावाच्या ईशान्येस दोन मैल’ असं केलं. गट नंबर लिहिला नाही, गावच्या शाळेत एक प्रत ठेवली नाही. कित्येक उत्खननांचे अहवाल दशकानुदशकं रखडले. ज्या ग्रामसभेकडे आपण वाळूच्या ठरावात शहाणपणाची अपेक्षा करतो, त्या ग्रामसभेला तिच्या काठात काय आहे हे आम्ही कधी मराठीत सांगितलं? वारशाचं व्यवस्थापन असा जाडजूड शब्द आम्ही परिसंवादांत वापरतो. ज्याची यादी नाही, त्याचं व्यवस्थापन कसलं करणार?

आपल्या जुन्या माणसांनी गावाची जमीन काळी आणि पांढरी अशी वाटली. काळी पिकवायची, पांढरीवर राहायचं. दोन्हींची राखण गाव करत होतं. काळीचा सातबारा आहे. वाळूचा लिलाव आहे. पांढरीच्या खालच्या थरांची नोंद मात्र कुठल्याच दप्तरात नाही. ती करायला फार पैसा लागत नाही. आधी आम्ही आमच्या पेट्या उघडून गट नंबरांची यादी करतो. तुम्ही तुमच्या गावच्या नदीवर एकदा चालून या. पुढच्या पावसाळ्याच्या आत.